वर आलेलं पाणी

दादा माझ्यासाठी टेकडी साफ करायला निघाला होता आणि मला त्याला अडवायचं होतं. मनात हे अगदी सरळ होतं, पण बोलायला गेलं की माझ्याच कानांना ते कृतघ्नपणाचं वाटायचं. भाऊ आपणहून बहिणीला जमीन देतोय आणि बहीण नाक मुरडतेय, हे कुणाला बरं दिसेल? त्यातून माझा स्वभाव फटकळ. मी चांगल्यासाठी बोलले तरी भांडण उकरून काढल्यासारखं होतं.

दोन्ही बुलडोझर सकाळीच वर चढून गेले होते. ते चालवणारे दोघे सख्खे भाऊ. त्यांना सगळे थोरला आणि धाकटा एवढंच म्हणतात. दोन यंत्रांच्या मध्ये ते एक साखळी बांधतात, तिची कडी माझ्या मनगटाहून जाड. यंत्रं अंतर राखून बरोबरीनं चालू लागली की साखळी जमिनीलगत ओढली जाते आणि वाटेत येईल ते झाड-झुडूप मुळासकट उपटून निघतं. कुऱ्हाडीनं ज्याला सबंध हंगाम लागला असता ते काम एका दिवसात उरकतं. या भावांचा एक नियम मात्र पक्का आहे. जमिनीच्या मालकानं स्वतः रानातून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचं, आत माणूस किंवा जनावर नाही ना हे डोळ्यांनी बघायचं आणि बाहेर येऊन हात वर करायचा. त्या हाताशिवाय ते साखळी ताणत नाहीत. मागे कधीतरी काहीतरी वाईट घडलं असणार. ते दोघे त्याबद्दल बोलत नाहीत आणि आम्हीही विचारत नाही.

म्हणजे माझ्या हातात वेळ होता तो दादा रानातून चालून बाहेर येईपर्यंतचा.

आमची जमीन एका उतारावर आहे. माथ्यावर जुनं रान, त्यातलं अर्धं दादाचं आणि अर्धं शेजारच्या काकांचं. त्याच्या खाली दादाचा गहू. पायथ्याशी दादाचं घर आणि विहीर, आणि सगळ्यात खाली, नदीच्या वळणात, माझा पट्टा. नवऱ्याशी फाटल्यावर मी परत आले तेव्हा आईनं तो माझ्या नावावर केला. तिथं मी फळझाडांची कलमं बांधते आणि विकते. दादाच्या आणि काकांच्या, दोघांच्याही उतारावरचं पाणी शेवटी माझ्याकडेच येतं.

आज जिथं दादा गहू घेतो तिथंही पूर्वी रानच होतं. दादानं ते काढलं आणि एकदोन पावसाळ्यांनंतर विहिरीचं पाणी वर यायला लागलं. दादा आनंदानं वेडा व्हायचा बाकी राहिला होता. घरी कुणीही आलं की चहाच्या आधी त्याला हाताला धरून विहिरीवर न्यायचा आणि वाकून बघायला लावायचा. "झाडं पाणी पितात," तो सांगायचा. "झाडं गेली, पाणी आपलं झालं." आम्ही सगळे खूश होतो. पाणी वर आलेलं कुणाला नको असतं?

मग वहिनी कुरकुर करायला लागली की साबणाला फेस येत नाही. दादा म्हणाला, साबण बदल. मग माझ्या पट्ट्यात जमिनीवर पांढरं काहीतरी दिसायला लागलं, पीठ सांडल्यासारखं. रोपांच्या पानांच्या कडा जळायला लागल्या. नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या शहरातही पाणी खारट लागतं अशी ओरड सुरू झाली होती, तेव्हा दादानं निदान करून टाकलं की नदी खारी झालीय आणि ती माझ्या शेतात शिरतेय. गेल्या वर्षी त्यानं माझ्या पट्ट्याच्या कडेनं बांध घातला, स्वतःच्या हातानं. कंबर धरून बसायचा आणि परत फावडं उचलायचा. मला त्याचं फार वाटलं होतं, अजूनही वाटतं.

बांध झाला तरी पांढरं पसरतच गेलं. मग दादानं ठरवलं की खालचं गेलं तर जाऊ दे, आपण वरचं काढू. माथ्यावरचं रान साफ करायचं आणि त्यातली अर्धी जमीन मला द्यायची. काकांनाही त्यानंच पटवलं. यंत्रं येतातच आहेत, तर तुमचंही काढून घ्या.

दोन आठवड्यांपूर्वी मी शेतीखात्यातल्या माती तपासणाऱ्या बाईंना बोलावलं. त्या पट्ट्यातून फिरल्या आणि मला विचारलं, आधी कुठली ओळ मेली? मी म्हटलं, टेकडीकडची. नदीकाठची अजून तग धरून आहे. त्या म्हणाल्या, मग मीठ नदीकडून कसं येईल? मीठ तुमच्या जमिनीच्या पोटात फार जुनं आहे, वर रान होतं तोवर पाऊस पडला की झाडं तो तिथल्या तिथं पिऊन टाकायची. त्यांची मुळं खोल, गव्हाची वीतभर. आता पावसाचं पाणी खाली मुरतं, खालची पातळी वर चढते आणि येताना मीठ घेऊन येते. नदी तुम्हाला मीठ देत नाही, तुम्ही नदीला देताय. वरचं रान तेवढं राखा, त्या जाताना म्हणाल्या.

दादाला हे सांगितलं तर म्हणाला, "बाईंना सांग, पावसाळ्यात एकदा येऊन विहीर बघा."

त्या सकाळी मी उजाडल्यावर बांधाच्या आतल्या अंगाला एक खड्डा खणला आणि तशीच मातीच्या हातांनी टेकडीवर गेले. दादा रानाच्या तोंडाशी उभा होता. थोरला यंत्राच्या पायरीवर बसून डबा खात होता, धाकटा साखळीची जोड ठोकून बघत होता.

"आलीस?" दादा म्हणाला. "चल, तुझी जमीन बघून घे." माझी चाळिशी उलटली तरी तो मला चिमणी म्हणतो. तेव्हाही म्हणाला, "चल चिमणे, कुठून हवीय ती आत्ताच सांग. नंतर कटकट नको."

आम्ही आत शिरलो. रान उंच नाही, खुरटी वेडीवाकडी झाडं आणि त्यांच्यात गच्च झुडपं, पण आत पाऊल टाकलं की पायाखाली पाचोळा दबतो आणि गार लागतं. दादा काठीनं झुडपं बडवत, हाकारे देत पुढं चालला होता आणि मी काटे सोडवत मागं. तो भराभर चालत होता. एकेक पावलागणिक वेळ संपत होता आणि मला सुरुवात सापडत नव्हती.

"दादा, मला ही जमीन नको."

"बरं. मग कुठली हवी?"

"कुठलीच नको. हे रान काढू नकोस."

तो थांबला नाही. "परत त्या बाई."

"बाई नाही. मी सांगतेय. तू वरचं काढलंस की माझं खालचं उरलंसुरलं पण जाईल."

"तुझं खालचं गेलंच आहे. म्हणून तर वरचं देतोय."

"खालचं गेलं कारण वरचं काढलं."

आता तो थांबला. मागं वळून माझ्याकडे बघितलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो दुखावला होता, आणि ते मला जास्त लागलं. "म्हणजे मी बुडवलं तुला?"

"तसं नाही म्हणत मी."

"तसंच म्हणतेयस." त्यानं काठी एका खोडावर आपटली. "ही झाडं बघ. वर्षभर नुसती पीत बसतात. एक थेंब खाली जाऊ देत नाहीत."

"तेच तर हवंय, दादा. तेच तर त्यांचं काम आहे."

"पाणी खाली जाऊ न देणं हे काम?" तो हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. "चिमणे, तुला नको असेल तर सरळ नको म्हण. मी दिलेलं घ्यायला तुला कमीपणा वाटतो, हे माहितेय मला. आईनं दिलं ते घेतलंस. माझं घेताना मात्र शास्त्र आडवं येतं."

यावर मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. त्यात त्याच्या डोक्याचा आणि दगडाचा संबंध होता. तो तरातरा पुढं गेला, मी मागं, आणि रान संपलं. समोर मोकळं आभाळ आणि दोन्ही यंत्रं. थोरल्यानं डबा बंद केला, धाकटा आपल्या यंत्रावर चढला. इंजिनं सुरू झाली. दादा उघड्यावर जाऊन उभा राहिला.

मी त्याच्या आणि यंत्रांच्या मध्ये गेले आणि थोरल्याला ओरडून विचारलं, "जमीन दोघांची असली तर हात किती जणांचा लागतो?"

त्यानं इंजिन मंद केलं. "दोघांचा."

"यातली अर्धी माझी आहे. विचारा याला."

थोरल्यानं दादाकडे बघितलं. दादा माझ्याकडे बघत होता, खाऊ की गिळू असा.

"अजून दिली नाहीये," दादा म्हणाला.

"मग गावभर कशाला सांगितलंस दिली म्हणून? यांना पण सांगितलंस. हो की नाही हो?"

"म्हणाले होते," थोरला म्हणाला. त्याला या भांडणात पडायचं नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण नियम तो नियम. "अर्धी ताईंची असेल तर ताईंचा पण हात लागेल."

"माझा हात वर होणार नाही," मी म्हटलं. "दादा, तू एकदा माझ्याबरोबर खाली चल. बांधावर. त्यानंतरही तुला वाटलं तर मी हात वर करेन, कुरकुर न करता. घेईन पण ती जमीन, वर तुझे पाय धरेन."

"पाय नको धरूस. गप्प बसलीस तरी पुरे," दादा म्हणाला आणि उतार उतरायला लागला.

वाटेत वहिनी दारात उभी होती. तिनं आम्हा दोघांची तोंडं बघितली आणि काही न विचारता आत गेली. तिला आम्हा भावंडांची सवय आहे.

सकाळी मी खणलेला खड्डा माझ्या खुंटांच्या वाफ्याशेजारी होता. खुंट म्हणजे ज्याच्यावर मी कलम बांधते ते रानटी रोप. खणताना गुडघ्याइतकंही खोल गेले नव्हते तेव्हाच तळाला पाझर फुटला होता. आता आम्ही पोचलो तर खड्ड्यात पाणी चढून काठाच्या वीतभर खाली येऊन थांबलं होतं. स्वच्छ, नितळ पाणी. दादानं वाकून बघितलं.

"नदीचंच आहे," तो म्हणाला. "बांधाखालून येत असेल. मी अजून खोल पाया घ्यायला हवा होता."

"बांधावर चढ."

"कशाला?"

"चढ ना. तूच घातलायस, तुला पेलेल."

तो चढला. एका अंगाला माझा खड्डा होता आणि दुसऱ्या अंगाला नदी. पाणी कमी झालेले दिवस होते, नदी पार खाली, काठाच्या चिखलाच्याही खाली गेली होती. दादानं नदीकडे बघितलं. मग खड्ड्याकडे. मग परत नदीकडे. आयुष्यभर शेतात पाणी फिरवलेला माणूस आहे तो. पाट कुठून काढला तर कुठं पोचेल हे तो नुसत्या नजरेनं सांगतो. त्याला समजावून सांगायची मला गरजच नव्हती, फक्त त्या दोन पाण्यांच्या मध्ये उभं करायचं होतं. बांध घालताना त्यानं सारखं नदीकडेच बघितलं होतं, पाठ माझ्या शेताकडे करून.

"नदी खाली आहे," तो हळूच म्हणाला.

"हो."

"खूप खाली आहे."

तो उतरला, खड्ड्याशी गुडघ्यावर बसला, ओंजळ भरून तोंडात घेतली आणि थुंकली. मग मान वर करून उताराकडे बघत राहिला. माझ्या मेलेल्या ओळी, घर, विहीर, गहू, असं एकेक करत त्याची नजर वर गेली.

"हे वरून येतंय," तो म्हणाला. "माझ्याकडून."

मी या क्षणाची दोन आठवडे वाट बघत होते. जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. दादा म्हातारा दिसत होता.

"आणि हा बांध?" त्यानं विचारलं.

"तो आतलं पाणी आतच धरून ठेवतोय."

त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "तू आधी का नाही सांगितलंस?" मग स्वतःच म्हणाला, "सांगितलंस. नाही असं नाही." आणि खड्ड्याकडे बघत, "वरचं नाही काढायचं. मी त्यांना जाऊन सांगतो."

तो उठतोय तोवर काका उतारावरून येताना दिसले. त्यांना आम्ही पाठीमागे घाईकाका म्हणतो, कारण त्यांना जेवायचीही घाई असते आणि झोपायचीही. ठरलं होतं ते असं की आधी दादाचं रान निघेल आणि मग लगेच काकांचं.

"अरे, यंत्रं नुसती उभी आहेत," काका लांबूनच म्हणाले. "तुझं व्हायचं नसेल तर माझं आधी करून घेऊ का? मी रानातून फिरून आलोय."

"काका, काढू नका," दादा म्हणाला.

"काय?"

"रान काढू नका. मीही नाही काढत."

काकांनी दादाकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्याकडे जरा जास्तच वेळ. "हिनं भरवलं काय तुझ्या डोक्यात?"

"मी डोळ्यांनी बघितलं. तुम्हीही बघा. या." दादानं त्यांचा हात धरला आणि त्यांना खड्ड्यापाशी आणलं. माझ्या मनात आशा आली. दादाला पटलं होतं, तर काकांना का नाही पटणार? काका दादापेक्षा कमी हट्टी आहेत.

काका वाकले. तसेच वाकून राहिले. मग हळूहळू खाली बसले आणि पाण्यात बोट बुडवलं, आणि मी त्यांचा चेहरा बघितला. तो खुलला होता.

"एवढ्यावर?" ते म्हणाले. "वीतभर खणलं की पाणी?"

"काका, तसं नाही ते."

"माझ्या विहिरीचा तळ दिसतोय. दोर पुरत नाही मला, आणि तुझ्याकडे वीतभर खणलं की पाणी." ते उठून उभे राहिले. त्यांचे डोळे चमकत होते. "आणि मला सांगतोस काढू नका?"

"चाखून बघा," दादा जवळजवळ विनवत होता. "एक थेंब चाखा. खारं आहे ते. सगळं खारं आहे."

काकांनी जिभेला बोट लावलं आणि तोंड वाकडं केलं. "नदीजवळ खारंच असणार. तूच म्हणालास ना नदी खारी झालीय? वर गोडं लागेल."

"नदी खाली आहे, काका. बांधावर चढून बघा."

"मला वेळ नाही चढउतार करायला." त्यांचा आवाज बदलला. "माझी पोर परत यायची म्हणतेय. तिलाही कुठंतरी जमीन लागेल ना? तू बहिणीसाठी काढायला निघालास तेव्हा ते चांगलं होतं. तुझी विहीर भरली तेव्हा झाडं चोर होती. आता माझी भरायची वेळ आली तर झाडं देव झाली होय? माझं बरं बघवत नाही का रे तुला?"

काकांनी जे जे म्हटलं ते सगळं दादानंच त्यांना शिकवलं होतं.

मी मध्ये पडले. खोल मुळं, जुनं मीठ, बाई काय म्हणाल्या, सगळं एका दमात सांगितलं. माझा आवाज चढला, आणि चढला तसं काकांचं तोंड घट्ट होत गेलं. "तुला फुकट मिळत होती ती तू नाकारलीस," ते म्हणाले. "ती तुझी मर्जी. माझ्या पोरीचं मी बघेन." आणि ते वर निघाले, नेहमीप्रमाणे घाईघाईनं.

दादा त्यांच्यामागे धावला. गव्हाच्या शेताच्या कडेपर्यंत गेला. मला त्याचे शब्द ऐकू येत नव्हते, नुसते हात दिसत होते. एकदा त्यानं काकांच्या दंडाला धरलं आणि काकांनी ते झटकून टाकलं. त्यानंतर तो तिथंच थांबला. वर दोन्ही यंत्रं वळून काकांच्या बाजूला गेली, काकांचा हात वर झाला, आवाज वाढला, आणि साखळी ताणली गेली तेव्हा ती पहिल्या झाडांना लागल्याचा आवाज खाली माझ्यापर्यंत आला.

तो परत आला तेव्हा मी खुंटांच्या वाफ्याशी बसले होते. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. काकांचा, दादाचा, पाण्याचा, कुणाचा ते मला कळत नव्हतं. दादा माझ्याशेजारी उभा राहिला.

"काकांचा उतार पण तुझ्याकडेच येतो," तो म्हणाला.

"हो."

"म्हणजे हा पट्टा जाणार."

"जाणार. आज नाही, पण जाणार."

वरून परत आवाज आला. दादानं तिकडे बघितलं नाही. तो खाली बसला आणि वाफ्यातल्या एका रोपाच्या भोवती बोटांनी माती उकरायला लागला. "ही कशाची?"

"रानातल्याच बियांची. कलमाला खुंट म्हणून."

"मुळं खोल जातात?"

"जातात. आपल्या डोक्यापेक्षा खोल."

"मग ही उचल. माझ्या उतारावर लावू. गव्हात."

"गव्हात?"

"गहू नाही पेरणार मी यंदा." त्यानं रोप मातीच्या ढेकळासकट उचललं आणि बाजूला ठेवलं. एरवी एक ओंबी वाकडी झाली तरी वहिनीवर खेकसणारा माणूस. "पितात ना ही? पिऊ देत."

मी त्याला खरं ते सांगितलं. ही मोठी व्हायला किती वर्षं जातील कुणास ठाऊक, तोवर काकांकडचं मीठ माझ्याकडे पोचलेलं असेल, त्यातून जे उरेल ते नदीत जाईल, आणि आज आपण जे करू ते बहुतेक वाया जाईल.

"जाईल," दादा म्हणाला. त्याचे हात थांबले नाहीत. "ते मला माहितेय, चिमणे. पण ते वर चाललंय ते मला नुसतं बघत उभं राहू देऊ नकोस."

मी त्याच्या समोर बसले आणि दुसऱ्या टोकाकडून माती उकरायला घेतली.